नमुना घेण्याआधी काठ बघा : वाचकांचे प्रश्न

खान्देशातल्या नद्या, नाले, बंधारे आणि घाट यांच्या पाण्याची पाहणी कशी करावी, याविषयी आलेल्या काही पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. सारख्या विषयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि मजकूर थोडा आटोपता घेतला आहे.

आठवी-नववीच्या मुलांकडून बोरी नदीची पाहणी करून घ्यायची आहे. शाळेने थोडे पैसे मंजूर केले आहेत. कोणतं किट घ्यावं?
*– विज्ञान शिक्षिका, अमळनेर*

किट शेवटी घ्या. पहिल्या दोन फेऱ्या फक्त डोळे, नाक, वही आणि मोबाइल यांच्यावर काढा. किटमधला आकडा एका क्षणाचा असतो. तो तसा का आला, हे काठावर फिरल्याशिवाय कळत नाही.

नदीचे तीन टप्पे धरा: गावाच्या वर, गावात, आणि शेवटची गटार मिळाल्यावर खाली. प्रत्येक टप्पा 100 मीटरचा. सुरुवात आणि शेवट कायमच्या खुणेवर ठेवा, म्हणजे पुलाचा खांब, घाटाची पायरी किंवा मोठं झाड. फोटो दरवेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढायचे. वहीत सगळ्यात वर तारीख, वेळ, गेल्या 48 तासांत पाऊस झाला का, आणि वरच्या धरणातून पाणी सुटलंय का, हे लिहा. तामसवाडीच्या धरणातून पाणी सुटलेलं असेल तर त्या दिवशी तुम्ही गटारीचं पातळ झालेलं पाणी मोजता. ते ‘सुधारलेलं’ दिसतं आणि महिन्याभराने पुन्हा ‘बिघडतं’. गिरणेवरही हेच होतं. आवर्तन (धरणातून ठरावीक काळाने सोडलेलं पाणी) चालू असतानाची आणि बंद असतानाची नोंद एकाच रकान्यात कधी घालू नका.

मग काठ चालायचा. किती गटारी मिळतात, कुठल्या बाजूने मिळतात, पाणी वाहतंय की नुसता ओलावा आहे? धुणी, गाड्या धुणं, गुरं, उघड्यावर शौच, वीटभट्टी, स्मशानभूमी, कचऱ्याचा ढीग, शेतीपंप, वाळूचा उपसा, जे दिसेल ते लिहा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने तोडून बघा. तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर बहुधा लोहजिवाणूंचा पापुद्रा आहे, तो निरुपद्रवी. तवंग काडीमागे पुन्हा जुळून आला तर तेल. फेसाचंही तसंच. कुजलेल्या पानांमुळे येणारा फेस मळकट असतो आणि त्याला मातीसारखा वास येतो. पांढराशुभ्र, साबणाचा वास असलेला फेस घराघरांतून येतो.

तिसऱ्या फेरीला किडे बघा. जिथे पाणी दगडांवरून खळाळतं तिथले दहा दगड उचलून खालची बाजू पांढऱ्या ताटात धुवायची. मेफ्लायच्या पिल्लाला पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले असतात आणि बहुधा तीन शेपट्या. वाळूचे कण चिकटवून नळी करून राहणारी अळीही मिळेल. हे दोन्ही असले तर गेले काही आठवडे पाण्यात प्राणवायू चांगला होता. चतुराची पिल्लं मधल्या प्रतीच्या पाण्यातही तग धरतात. ताटात फक्त लालभडक अळ्या वळवळत असतील, किंवा लांब शेपटीने पृष्ठभागावरची हवा घेणाऱ्या मळकट अळ्या असतील, तर तिथे प्राणवायू वारंवार संपतो. लाल अळीचा रंग तिच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा, म्हणूनच ती कमी प्राणवायूत जगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशा जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत आखलेली आहे, तेव्हा हा पोरखेळ समजू नका. रसायनं एका क्षणाचं सांगतात, किडे आठवड्यांचं.

बोरीची एक अडचण आधीच लक्षात घ्या. उन्हाळ्यात वरचं पात्र कोरडं आणि गावाखाली मात्र पाणी, असं दिसेल. ते सगळं सांडपाणीच. तेव्हा ‘वर-खाली तुलना’ करू नका. वहीत ‘वर पात्र कोरडं’ असं स्पष्ट लिहा आणि खालच्या पाण्याला सांडपाण्याचा प्रवाह म्हणून मोजा. तुलनेसाठी ऑक्टोबर आणि जानेवारी हे महिने धरा.

आता खरेदी. अल्कोहोलचा तापमापक (पाऱ्याचा नको, मुलांच्या हातून फुटतो), 6 ते 9 मधलेच टप्पे दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या, विद्युतवाहकता (तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) मोजणारा खिशातला मीटर, गढूळपणा मोजायची पारदर्शक नळी, दोरी लावलेली 10 लिटरची बादली. 1 ते 14 दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या स्वस्त असतात, पण नदीचं पाणी सगळं 7 ते 9 मध्ये असतं आणि त्या पट्टीवर ते एकाच हिरव्या रंगात जातं. वाहकतेचा मीटर दर महिन्याला 1413 मायक्रोसिमेन्सच्या प्रमाणित द्रावणात बुडवून जुळवा.

मुलं गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाहीत, हा नियम लेखी करा. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. घोट्याइतक्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. शक्य तिथे काठावरून किंवा पुलावरून बादलीनेच नमुना घ्या.

पांझरेच्या केटी वेअरजवळ (कोल्हापुरी बंधाऱ्याजवळ) दुपारी दोन वाजता विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर लिटरमागे 11 मिलिग्रॅम आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच मासे मरून वर आले. किट बिघडलंय का?
*– रसायनशास्त्राचा विद्यार्थी, धुळे*

किट बहुधा बरोबर आहे. 11 हा आकडाच धोक्याची घंटा होती.

पाण्यात हवेतून किती प्राणवायू मावतो हे तापमानावर ठरतं. समुद्रसपाटीला 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम, 25 ला 8.3, 30 ला 7.6 आणि 35 ला जेमतेम 6.9. धुळे सुमारे अडीचशे मीटर उंचीवर असल्याने त्यातूनही साधारण 3 टक्के वजा. म्हणजे 30 अंशांच्या पाण्यात 7.3 च्या वर जे काही आहे ते हवेतून आलेलं नाही, शेवाळाने उन्हात तयार केलेलं आहे. बंधाऱ्यात साचलेलं, गटारीच्या खतावर हिरवंगार झालेलं पाणी दुपारी 11 दाखवतं. रात्री तेच शेवाळ आणि तळाचा गाळ तोच प्राणवायू ओढतात, आणि पहाटे आकडा 2 च्या खाली येतो. मासे मरतात ते पहाटे. त्यामुळे मोजणी सूर्योदयाच्या आधी करा आणि त्याच जागी दुपारी पुन्हा करा. दोन आकड्यांतलं अंतरच सांगतं की बंधारा किती आजारी आहे. एकच वेळ जमत असेल तर पहाटेची धरा.

दुसरं कारण अमोनियाचं. शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवतं आणि पीएच 9 पर्यंत चढतो. 30 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा एक टक्कासुद्धा विषारी मुक्त रूपात नसतो. पीएच 9 ला तो 40 टक्क्यांच्या वर जातो. अमोनिया मोजाल तेव्हा त्याच बाटलीचा पीएच आणि तापमान लिहिलं नाही तर तो आकडा वाया गेला. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय मंडळाचा निकष आहे तो मुक्त अमोनियाचा, लिटरमागे 1.2 मिलिग्रॅम, आणि ऑक्सिजन किमान 4.

तुम्ही रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहात, तेव्हा किटवर न थांबता विंकलर पद्धत हातात बसवा. 300 मिलिलिटरची काचेच्या तिरप्या बुचाची बीओडी बाटली नळीने तळापासून भरा आणि दोन-तीन बाटल्या पाणी वरून वाहू द्या. बादलीतून ओतलंत तर हवा मिसळते, आणि खराब पाणी चांगलं दिसतं. बूच लावल्यावर बाटली उलटी धरून बघा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी पुन्हा भरा. मग पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून 2 मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि 2 मिलिलिटर अल्कलाइन आयोडाइड-अझाइड घाला, बूच लावा, पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर प्राणवायू नाही, पुढे टायट्रेशनची गरजच नाही. साका अर्ध्यावर बसला की 2 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पुन्हा हलवणं, आणि पिवळसर स्वच्छ द्रावण. त्यातलं 203 मिलिलिटर घ्या (200 नाही, कारण रसायनांनी 4 मिलिलिटर पाणी आधीच बाहेर ढकललंय) आणि 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग फिका, गवताच्या काडीसारखा झाला की मगच स्टार्च. निळा रंग गेला की थांबा. जितके मिलिलिटर लागले, लिटरमागे तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन.

चुका तीनच ठिकाणी होतात. थायोसल्फेट जुनं झालेलं असतं (ते दर वेळी पोटॅशियम डायक्रोमेटने तपासा), स्टार्च नासलेला असतो, किंवा निळा रंग थोड्या वेळाने परत आला म्हणून विद्यार्थी आणखी थेंब घालत बसतात. परत आलेल्या रंगाकडे दुर्लक्ष करायचं. अझाइड विषारी आहे, तोंडाने पिपेट ओढू नका.

बीओडी (घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू ओढतात त्याचं माप) करायचा असेल तर एकाच पाण्याच्या दोन बाटल्या भरा. एक लगेच तपासा आणि दुसरी 27 अंशांना, अंधारात, तीन दिवसांनी. फरक हा बीओडी. पण दुसऱ्या बाटलीत शून्य उरलं तर तो बीओडी नव्हे. प्राणवायू मध्येच कधीतरी संपला, एवढंच कळलं. गटारीचं पाणी 10 पट, 50 पट विरळ करूनच ठेवावं लागतं. आणि धुळ्यात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते. इनक्युबेटर नसेल तर त्या दिवसांत बीओडी करूच नका.

टीडीएस मीटर तापीच्या पाण्यात 300 दाखवतो. म्हणजे पाणी पिण्याजोगं आहे ना?
*– भुसावळ*

नाही. तो मीटर फक्त विरघळलेले क्षार बघतो, तेही वाहकतेवरून अंदाजाने. मैल्यातले जंतू, कीटकनाशक, तेल यांतलं काहीही त्याला दिसत नाही. 300 म्हणजे क्षार बेताचे आहेत. बाकी काहीच सिद्ध होत नाही.

गावची विहीर गिरणेच्या पात्रालगत आहे. जंतू तपासायची एचटूएस बाटली कधी काळी होते, कधी होत नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावरही एकदा काळी झाली. नेमकं काय समजायचं?
*– जलसुरक्षक, भडगाव तालुका*

बाटलीतल्या माध्यमात हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू वाढले की ती काळी पडते. असे जिवाणू मैल्यासोबत येतात, म्हणून ही चाचणी उपयोगाची. पण ती ‘हो की नाही’ एवढंच सांगते, किती ते सांगत नाही.

काळी न होण्याची खोटी कारणं आधी बघू. डिसेंबर-जानेवारीत भडगावकडे रात्री चांगलाच गारठा असतो. बाटली खिडकीत ठेवली तर जिवाणू वाढणारच नाहीत. 30 ते 37 अंशांची ऊब पाहिजे, 24 ते 48 तास. दुसरं, पाण्यात शिल्लक क्लोरीन असेल तर तो बाटलीतही जिवाणू मारतो. क्लोरीन टाकलेल्या पाण्याचा नमुना थायोसल्फेट असलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा. तिसरं, मुदत संपलेली बाटली.

काळी होण्याची खोटी कारणंही आहेत. विहिरीच्या तळाचा सडका, अंड्यासारख्या वासाचा गाळ ढवळून नमुन्यात आला, किंवा बाटलीच्या तोंडाला बोट लागलं. नमुना नळाचा असेल तर तोटी पुसून, ज्योतीने भाजून, दोन मिनिटं पाणी सोडून मग बाटली खुणेपर्यंत भरा.

टीसीएल टाकूनही काळी झाली, तेव्हा तीन गोष्टी तपासा: पावडर किती घातली, ती किती जुनी होती आणि पाणी किती गढूळ होतं. विहिरीचा हिशेब असा. व्यास 3 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर असेल तर 3.14 × 1.5 × 1.5 × 4, म्हणजे सुमारे 28 घनमीटर, 28,000 लिटर. 1,000 लिटरला 5 ग्रॅम या मापाने 140 ग्रॅम पावडर. हे माप ताज्या, 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असलेल्या पावडरीचं. पोत्याचं तोंड उघडं ठेवून ओट्यावर पडलेली पावडर चुन्यासारखी निवते आणि तिच्यात क्लोरीन फारसा उरत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा. बादलीत कालवून निवळी विहिरीत सोडा, चोथा नको. अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (शिल्लक क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारी चाचणी) करा, पहिल्या नळाला आणि गावातल्या शेवटच्या नळालाही. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक मिळायला हवा. पूर आल्यावर पाणी गढूळ असतं, गाळच क्लोरीन खातो, तेव्हा 5 ग्रॅम पुरत नाहीत. ओटी टेस्ट पिवळी येईपर्यंत मात्रा थोडी थोडी वाढवावी लागते.

तपासून झालेली बाटली उकिरड्यावर टाकू नका. त्यात जिवाणूंचं पीक असतं. टीसीएलचं पाणी घालून तासभर ठेवा, मग ओता.

आणि बाटलीच्या आधी विहीर बघा. कठड्याला भेग, बाजूला साचलेलं डबकं, 15 मीटरच्या आत शोषखड्डा, गळकी पाइपलाइन गटारीतून गेलेली. पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं ते याच गोष्टींवरून. लाल कार्ड मिळालेल्या गावात रोज चाचणी करून काही बदलत नाही. आधी पाइप गटारीतून बाहेर काढा.

प्रकाशा, सारंगखेडा इथे यात्रेला लोक तापीत स्नान करतात. समुद्रकिनाऱ्यावर पोहण्याच्या पाण्याची तपासणी होते म्हणतात, तशी आपल्या घाटावर कशी करायची?
*– शहादा*

समुद्रकिनारा असो की तापीचा घाट, प्रश्न एकच असतो. अंगावर आणि नाकातोंडात जाणाऱ्या पाण्यात मैल्याचे जंतू किती? स्नानाच्या पाण्यासाठी केंद्र सरकारचे निकष आहेत ते असे: पीएच 6.5 ते 8.5, विरघळलेला ऑक्सिजन किमान 5, बीओडी 3 किंवा कमी, आणि 100 मिलिलिटरमध्ये मैल्यातले कोलिफॉर्म शक्यतो 500 पर्यंत, जास्तीत जास्त 2,500. फीकल स्ट्रेप्टोकोकायसाठी (मैल्यातलेच दुसरे जिवाणू) हेच आकडे 100 आणि 500. समुद्रात खारेपणामुळे कोलिफॉर्म लवकर मरतात, म्हणून तिथे स्ट्रेप्टोकोकायच्या जातीचे जिवाणू जास्त भरवशाचे. गोड्या पाण्यात ई. कोलाय (मैल्यातल्या कोलिफॉर्मपैकीच एक) पुरेसा.

नमुना जिथे लोक बुडी मारतात तिथलाच हवा, मधल्या धारेतला नाही. कमरेइतक्या पाण्यात, पृष्ठभागाखाली 30 सेंटिमीटरवर. पायाने गाळ ढवळला जाणार नाही अशा बेताने प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून उभे राहा. निर्जंतुक बाटलीचं बूच पाण्याखाली काढा, तोंड प्रवाहाकडे, भरताना वर बोटभर जागा मोकळी ठेवा. बाटली खंगाळू नका. ती निर्जंतुक आहे, खंगाळण्याचा नियम फक्त रसायनांच्या बाटल्यांना. लगेच बर्फाच्या डब्यात, आणि 6 तासांत प्रयोगशाळेत. बर्फ बाटलीला लागून वितळला आणि झाकणातून पाणी शिरलं तर नमुना फुकट, म्हणून बाटली आधी पिशवीत बांधा.

एकाच नमुन्यावरून घाट चांगला किंवा वाईट ठरवू नका. महिन्याभरात पाच वेळा घ्या आणि भौमितिक सरासरी (पाचही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं पाचवं मूळ) काढा. समजा आकडे 200, 300, 250, 400 आणि 9,000 आले. साधी सरासरी 2,030 येते आणि भौमितिक सुमारे 560. पहिलीत एका दिवसाच्या उसळीने बाकीचे चार दिवस झाकले जातात. पण 9,000 चा दिवस सोडूनही देऊ नका. त्या दिवशी पाऊस होता का, गोमाई नदी गढूळ होऊन मिळत होती का, की वरच्या गावाची गटार फुटली होती, ते शोधा. यात्रेचं काम असेल तर नमुने आधी, गर्दीच्या दिवशी आणि नंतर असे तीन वेळा घ्यावेच लागतात. मूर्ती विसर्जनासाठीही हेच तीन टप्पे केंद्रीय मंडळाने सांगितले आहेत.

तापीच्या या भागात बॅरेज झाल्यापासून वाहतं पाणी कमी आणि साठलेलं जास्त. दारं बंद असताना घाटाजवळचं पाणी दिवसेंदिवस हलत नाही. उन्हाळ्यात हिरवट रंग सांडल्यासारखं पाणी दिसलं तर एक बरणी भरून रात्रभर हलवल्याशिवाय ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगलेला असेल तर नीलहरित जिवाणूंची शक्यता मोठी. त्यांच्या काही जाती विष सोडतात. तिथे स्नान थांबवा आणि गुरांनाही पाजू नका. काडी फिरवल्यावर केसांसारखे धागे गुंडाळून आले तर ते साधं शेवाळ.

घाटाची ओली वाळूही विसरू नका. पाण्यातले जंतू उन्हाने मरतात. ओल्या वाळूत मात्र ते जास्त दिवस टिकतात आणि पोरं तिथेच खेळतात.

केळीच्या बागेला ठिबकमधून युरिया देतो. विहिरीचं पाणी घरीही पितो. नायट्रेटची भीती कितपत?
*– केळी उत्पादक, रावेर तालुका*

तपासून घ्या, घाबरू नका. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात (डोंगरातून वाहून आलेल्या गाळाचा पट्टा) गोटे-वाळू असल्यामुळे पाणी भराभर मुरतं, आणि मुळांनी न घेतलेला नायट्रेट त्याच वाटेने खाली जातो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. अहवाल नीट वाचा. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट-नायट्रोजन’ लिहितात, त्याला 4.43 ने गुणायचं. तिथे 12 लिहिलेलं असेल तर ते 53 झालं, मर्यादेच्या वर. नमुना दोनदा, मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी. पंप दहा मिनिटं चालवून मगच भरा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते.

उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतो. टीसीएल, तुरटी, माठ यांनीही जात नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध देत असाल तर अशा पाण्यात ते कालवू नका. बागेला मात्र हे पाणी चालतं. त्यातल्या नायट्रेटचा हिशेब धरून युरियाची मात्रा कमी करा. ओलितासाठी मुख्य बघायचं ते विद्युतवाहकता, 2,250 मायक्रोसिमेन्सच्या आत हवी.

आमच्या नाल्यात रात्री रंगीत, उग्र वासाचं पाणी सुटतं. आम्ही बाटलीत भरून ठेवलंय. तक्रार कशी करू?
*– चाळीसगाव तालुका*

ती बाटली पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 नुसार नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, पाणी सोडणाऱ्याला जागेवरच सूचना देऊन घ्यावा लागतो, आणि पाणी सोडणाऱ्याने मागणी केली तर दोन भाग करून सीलबंद करावा लागतो. तेव्हा तुमचं काम वेगळं आहे. अधिकाऱ्याने कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या जागी यावं, हे त्याला नेमकं सांगणं.

त्यासाठी वाहकतेचा मीटर पुरतो. पंधरा दिवस, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, दर तासाला वाहकता, पीएच पट्टी, रंग आणि वास लिहा. वरच्या अंगाला, पाणी सुटतं त्या तोंडाजवळ आणि खाली. रोज 700-800 असणारी वाहकता रात्री एक ते तीनमध्येच 3,000 वर जात असेल तर तुमच्या हातात वेळापत्रक आलं. खालची जागा निवडताना पात्राच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूला वाहकता मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे येतील तिथे पाणी पूर्ण मिसळलं. त्याच्या आधी घेतलात तर तुम्ही कुठल्या काठाला उभे होतात यावरच आकडा ठरतो.

किती पाणी येतं हेही लिहा. पाइप असेल तर 15 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. उघडा नाला असेल तर 10 मीटर मोजून लिंबू सोडा. नाला 4 मीटर रुंद, सरासरी 30 सेंटिमीटर खोल आणि लिंबाला 25 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून 0.85 ने गुणा. 4 × 0.3 × 0.34, म्हणजे सेकंदाला सुमारे 400 लिटर. लिंबू तीनदा सोडून सरासरी घ्या, वारा असेल त्या दिवशी नको.

तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या जिल्ह्यासाठीच्या कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, सोबत नोंदीची झेरॉक्स आणि मोबाइलवरचं स्थान. कारखान्याचं नाव स्वतः ठरवून लिहू नका, पाइपची जागा लिहा. नमुना घेतला गेला की त्याचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी साधारण मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये बीओडी 30, सीओडी (रसायनांनी मोजलेली प्राणवायूची गरज) 250, तरंगते कण 100 आणि पीएच 5.5 ते 9 आहे, त्याच्याशी ताडून बघा. आणि त्या पाण्याला हात लावताना रबरी मोजे घाला. रात्री एकट्याने जाऊ नका.

मेहरूण तलावाच्या काठी आम्ही दर महिन्याला कचरा गोळा करतो. पोती मोजतो. त्याचं सर्वेक्षण कसं करता येईल?
*– युवक मंडळ, जळगाव*

पोती मोजणं सोडा. ओल्या चिंध्यांचं एक पोतं आणि थर्माकोलचं एक पोतं यांची बेरीज होत नाही. काठाचा 100 मीटरचा एकच पट्टा ठरवा, पाण्याच्या रेषेपासून काठाच्या माथ्यापर्यंत, आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू मोजा. प्रकार तुमच्या काठावर जे सापडतं त्यावरून करा: गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चपला, निर्माल्य आणि कापड, मूर्तींचे अवशेष, दारूच्या बाटल्या. नदीकाठच्या मंडळांनी यात ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या आणि केळीच्या घडाला घालतात त्या स्कर्टिंग बॅगा हे प्रकार वाढवावेत. वजन वाळवून करा, नाहीतर चिखलच तोलला जातो.

पहिल्या दिवशी पट्टा पूर्ण साफ करा आणि त्या दिवसाचा आकडा वेगळा ठेवा, तो वर्षानुवर्षांचा साठा असतो. पुढच्या महिन्यापासून जे मिळेल ते त्या महिन्यात आलेलं. मध्ये दुसऱ्या कुणी सफाई केली असेल तर तसं लिहा. सुया आणि काचा वेचायला चिमटा आणि जाड प्लॅस्टिकचा डबा ठेवा, पोत्यात टाकू नका, पोतं उचलणाऱ्याच्या पायाला लागतात.